लाल दोऱ्याची बाटली

जिवंत खेकडा कसा धरायचा, हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही. मालवणला आमच्या घरामागे खाडी होती, त्यामुळे हाताला ते आपसूक आलं. मागून जायचं, पाठीवर तळवा दाबायचा, शेवटच्या पायांच्या मुळाशी बोटं घट्ट रोवायची. नांग्या तिथवर पोचत नाहीत. पोचल्या तर बोटाची आशा सोडायची.

एवढ्याच विद्येवर मला चेन्नईत नोकरी मिळाली. आणि एवढ्याच विद्येची घमेंड चढून मी माझ्या घरात जे करून बसले, ते आज सांगतेय. कुणाला त्यात गंमत वाटली तर वाटो बापडी. मला अजून रात्रीच नाही, चांगल्या उजेडातसुद्धा त्याची भीती वाटते.

लग्न होऊन मी आले ती तंजावरच्या मराठी घरात. ही माणसं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे आलेली. यांचं बोलणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तोंडाला पदर लावून हसले होते. शब्द पोथीतले, चाल तमिळ, आणि मधे मधे 'सरि' नाहीतर 'परवाइल्ल', म्हणजे 'बरं' आणि 'असू दे'. हे मला म्हणायचे, "तू बोलतेस तें मराठी फार धावतें." घर कडक शाकाहारी. सासूबाईंसमोर खेकडा हा शब्द काढायचीही सोय नव्हती. त्या गेल्या, पण त्यांचा नियम राहिला. मी कामावरून आले की आधी मागच्या नळावर अंघोळ, मग शेगडीला हात.

आम्ही चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीत राहतो. लग्नाआधी हे इथल्याच एका मॅन्शनमध्ये, म्हणजे भाड्याच्या खोल्यांच्या लॉजमध्ये राहायचे, एका खोलीत चार ब्रह्मचारी. पुढे त्याच गल्लीत दोन खोल्या घेतल्या आणि तिथेच राहिलो. माझं कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर. प्राणिशास्त्राच्या विभागात मी काचेची भांडी धुवायला लागले होते. एक दिवस तिथल्या शिपायाचं बोट खेकड्याने धरलं. तो बोंबलतोय, खेकड्यांवर प्रयोग करणाऱ्या मॅडम ओरडतायत, आणि मी भांडी सोडून गेले, खेकडा मागून उचलला, टाकीत सोडला आणि परत येऊन भांडी धुवायला लागले. दुसऱ्या दिवसापासून मॅडमनी मला भांड्यांवरून खेकड्यांवर घेतलं.

मॅडमच्या प्रयोगाची खोली विचित्र होती. खेकड्यांना काळोखात जाग येते, म्हणून खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले आणि भर सकाळी अकरा वाजता आत फक्त एक तांबडा दिवा. बाहेर कावळे ओरडतायत, रस्त्यावर बस हॉर्न मारतायत, आणि आत आपलेच हात आपल्याला रक्तात बुडवल्यासारखे दिसतायत. मला ती खोली कधीच आवडली नाही. पण काम मला येत होतं, आणि जे येतं ते मी मन लावून करते.

काम असं. बाजारातून आलेल्या खेकड्यांच्या नांग्यांना सुतळी बांधलेली असते, ती सोडायची. पाठीवर नेलपॉलिशचे ठिपके द्यायचे, म्हणजे कोण कोणता ते कळेल. मग दोन नर एका काचेच्या टाकीत, मधे पत्रा. पत्रा उचलला की ते भिडतात. एक जिंकतो, एक हरतो. हरलेला कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या नळीत जाऊन बसतो, आणि जिंकलेला समोर आला की पोट वाळूला लावून अंग चोरतो. अगदी आपल्याकडे माणसं करतात तसंच, मला त्यात नवल वाटलं नाही.

मग हरलेल्याला सुई. शेवटच्या पायाच्या सांध्यात मऊ पडदा असतो, तिथे. बाटल्या दोन. एकीच्या गळ्याला लाल दोरा, दुसरीच्या पांढरा. एकीत सिरोटोनिन नावाचं औषध, दुसरीत नुसतं मीठपाणी. कुठल्या बाटलीत काय, हे मॅडमनी तिसऱ्याच कुणाकडून भरून घेतलं होतं आणि त्याचा कागद पाकिटात बंद करून कपाटात ठेवला होता. टोचणाऱ्याला माहीत नाही, बघणाऱ्याला माहीत नाही.

"असं का?" मी विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "माहीत असलं की माणूस तेच बघतो. तू नुसतं बघ, ओळखू नकोस."

ओळखू नकोस म्हणे! माशाच्या डोळ्याकडे बघून तो सकाळचा की कालचा हे सांगणारी बाई मी. पहिल्या आठवड्यातच मनाशी ठरवून टाकलं की लाल दोरा म्हणजे औषध.

त्याला कारण झाला दोन ठिपक्यांचा खेकडा. अंगाने लहान, एका मोठ्या नराकडून सलग तीनदा हरलेला. नळीतून बाहेर येईना, खायला टाकलेली कोळंबीही शिवेना. त्याला मी धरून लाल दोऱ्याच्या बाटलीतली सुई दिली. थोड्या वेळाने तो नळीतून निघाला. पायांवर उचलला गेला. आणि सरळ त्या मोठ्याच्या अंगावर. मी डोळे फाडून बघत राहिले. मेल्या, तुझं आकारमान काय, तू जातोस कुठे! मोठा मागे सरला हो, खरंच सरला. त्या दिवशी मी घरी गेले ती पळतच.

कारण घरी हे होते.

हे गिंडीत एका छोट्या कारखान्यात तपासनीस. ट्रकच्या स्टिअरिंगला लागणारा एक लोखंडी जोड तिथे बनतो आणि ओरगडमच्या मोठ्या कारखान्यात जातो. यांचं काम तडे शोधायचं. जोडावर लाल रंग लावायचा, पुसायचा, वर पांढरी पूड मारायची. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. सगळा माल बघून झाला की कागदावर सही. यांच्या सहीशिवाय माल फाटकाबाहेर जात नसे. तीस वर्षं हेच केलं.

मग जुना मालक गेला, त्याचा मुलगा आला. एका दुपारी त्याने सगळ्यांसमोर यांना चष्मा काढायला लावला आणि लांब धरलेला कागद वाचायला सांगितला. "तुम्हाला जे तडे दिसतात ते लोखंडात आहेत की डोळ्यांत?" सगळे हसले. हे घरी आले, शर्ट खुंटीला अडकवला आणि त्या दिवसापासून माणूस बोलायचाच बंद झाला. जेवायचे, कामावर जायचे, आले की न्हाणीघरात उलट्या बादलीवर बसायचे, दिवा न लावता. दार ठोठावलं की "सरि, येतों" म्हणायचे आणि यायचे नाहीत. किती चिडले मी! रडले, भांडले, ताट आपटलं. शेवटी हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मनाचा आजार सांगितला आणि एक पांढरी गोळी दिली, रोज सकाळी एक.

गोळीबरोबरचा कागद मी मॅडमना दाखवला. त्यांनी वाचला आणि म्हणाल्या, "हो, याचा संबंध त्याच सिरोटोनिनशी आहे. ते खेकड्यात आहे, आपल्यातही आहे." मग माझा चेहरा बघून घाईने म्हणाल्या, "पण हे बघ, खेकडा म्हणजे माणूस नाही. तिथलं इथे आणू नकोस."

मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

पहिले काही आठवडे काहीच फरक नव्हता. मग एका संध्याकाळी कॉफी पिताना यांनी विचारलं, "तुझे खेंकडे काय म्हणताहेत?" मला रडूच फुटलं. सासूबाई असत्या तर भिंतीला डोकं टेकून बसल्या असत्या. तिथपासून रोज संध्याकाळी कॉफी आणि खेकडे. पिढ्यान्‌पिढ्यांत ज्या घराने खेकडा शिवला नाही, त्या घरातला माणूस मला विचारतोय, "तो दोन ठिपक्यांचा लहानगा, त्याचें काय झालें?" मी रंगवून सांगायची. "अहो, त्याला लाल दोऱ्यातलं औषध मिळालं! म्हणून उठला! तुमच्या गोळीचंच भावंड!" हे ऐकून हे स्वतःच्या हाताकडे बघायचे आणि हळूच हसायचे.

ते हसू मी माझ्या तोंडच्या थापेने मिळवलं होतं. थाप म्हणतेय, कारण मला काहीच माहीत नव्हतं.

मग दोन गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. कॉलेजात तो दोन ठिपक्यांचा पुन्हा मोठ्याच्या अंगावर गेला, आणि या वेळी मोठा सरला नाही. तांबड्या उजेडात नुसतं पाणी ढवळलेलं दिसलं आणि कट असा आवाज आला. वाळूवर एक नांगी पडली होती, एकटीच, अजून उघडमीट करणारी. लहानगा एका बाजूच्या तीन पायांवर कलंडला होता. मॅडमनी पत्रा घातला. मी बाहेर येऊन व्हरांड्यात बसले. आयुष्यभर नांग्या मोडून रश्शात टाकल्या, कधी काही वाटलं नाही, आणि त्या दिवशी मला परत आत जाववेना.

आणि दोनच दिवसांनी हे घरी आले ते ताठ मानेने. कॉफीचा पेला हातात घेऊन म्हणाले, "आज मी सही केली नाहीं."

"कसली सही?"

"मालांत तडे आहेत. धाकटा मालक म्हणाला, करा सही. मी म्हटलें, नाहीं करत. चष्मा काढून म्हटलें."

दुसरी कुणी असती तर यांची दृष्ट काढली असती. मला तो कट असा आवाज ऐकू आला. हे बोलताहेत ते हे नाहीत, गोळी बोलतेय, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. माझा नवरा कसा, मला ठाऊक. आवाज न करता चप्पल काढणारा माणूस. तो मालकाच्या अंगावर जाईल? आणि मालक मोठा. नोकरी जाईल, या वयात दुसरी कोण देणार, आणि मग पुन्हा ती बादली, तो काळोख, आणि या वेळी तिथून उठवणं मला जमलं नाही तर? त्यापेक्षा मवाळ बरे. वाकून राहतील, पण राहतील तरी.

रोजची गोळी मीच पाकिटातून काढून वाटीत ठेवायची, शेजारी पाण्याचा पेला. हे न बघता गिळायचे. तीस वर्षं तडे शोधणाऱ्या माणसाने माझ्या हातचं कधी तपासलं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्या वाटीत माझी चुन्याची गोळी ठेवली, हाडांसाठी घेते ती. तीही पांढरी, गोल. खरी पाकिटं माझ्या कोकमाच्या डब्यात लपवली. कोकमाला त्या घरात माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही.

वर माझी अक्कल बघा. मी स्वतःला म्हटलं, मॅडम काय करतात? मीठपाणीच देतात ना? मग मी काय वेगळं केलं? बघू, औषधाशिवाय कसे राहतात. कॅलेंडरवर तारखेखाली पेन्सिलीने ठिपके देऊ लागले. एका जिवंत माणसावर, त्याला न विचारता!

पहिले दोन दिवस काही नाही. मला वाटलं, बघा, गरजच नव्हती. तिसऱ्या दिवसापासून यांना चक्कर येऊ लागली. चौथ्या-पाचव्या दिवशी म्हणाले, "मान वळवली कीं डोक्यांत वीज चमकते." मी म्हटलं, ऊन आहे, ताक प्या. झोपेतून घामाघूम उठायचे. मी ताकच देत राहिले. रोज संध्याकाळी एकच विचारायची, "सही?" हे मान हलवायचे, "नाहीं." पण मान हलवायला दिवसेंदिवस वेळ लागत होता. धाकटा मालक रोज तोच कागद टेबलावर आणून ठेवत होता आणि समोर उभा राहत होता, एवढंच सांगायचे. खेकड्यांचं विचारणं थांबलं. मीही सांगणं थांबवलं, कारण दोन ठिपक्यांचा नळीत पडून होता आणि ते मला घरात आणायचं नव्हतं.

तेराव्या दिवशी हे आले आणि चप्पल काढून सरळ न्हाणीघरात गेले. आतून आवाज आला, "केली." मी बाहेर उभी राहिले. मला हायसं वाटायला हवं होतं ना? तेच तर मागितलं होतं मी. पण वाटलं नाही. रात्रीच्या जेवणाला दार उघडलं तेव्हा हे माझ्याकडे न बघता भिंतीला घासून पानावर आले. ती चाल मी ओळखली. मी ती रोज अकरा वाजता बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळ्या परत बदलाव्या असं मनात आलं होतं. पण म्हटलं, आज मॅडमना सगळं विचारते आणि मग बदलते. तेवढ्या एका दिवसाने काय होतंय?

त्या दिवशी नेमकं मॅडमनी पाकीट उघडलं. प्रयोग संपला होता. मी शेजारी उभी, मनात म्हणतेय, उघडा उघडा, मला आधीच माहीत आहे.

"पांढरा दोरा, सिरोटोनिन," मॅडमनी वाचलं. "लाल दोरा, मीठपाणी."

मी म्हटलं, चुकलं असेल. त्यांनी दुसऱ्यांदा वाचलं. तेच.

"पण पांढऱ्यावाले तर नुसते उभे राहत होते! पाय ताठ, नांग्या पुढे, समोर कुणी नसताना, खुळ्यासारखे. मला वाटलं भीतीने आखडले."

"तेच तर औषध," मॅडम म्हणाल्या. "अंग उचललं जातं, नांग्या पुढे येतात. बरेचसे पांढऱ्यावाले परत भिडलेसुद्धा, तू लिहून घेतलं आहेस. तुला एकच आठवतोय."

"आणि दोन ठिपक्यांचा? तो कसा उठला मग?"

मॅडमनी चष्मा पुसला. "एखादा उठतो. का, ते मला माहीत नाही. त्याच्या अंगातही त्याचं स्वतःचं सिरोटोनिन असतंच की. आपण टोचलं नाही म्हणजे नव्हतं असं नाही."

मी पर्स घेतली आणि निघाले. घरी पोचेपर्यंत काय बघितलं, कोण भेटलं, काही आठवत नाही. घरात शिरले ती अंघोळ न करता, खेकड्यांच्या वासाच्या हातांनी, त्या घरात पहिल्यांदाच. हे लवकर आले होते. न्हाणीघराचं दार लावलेलं, खाली उजेडाची रेघ नाही.

मी दाराला कपाळ टेकलं. "अहो, ऐकताय? लाल दोऱ्यात मीठपाणी होतं."

आतून बादली सरकल्याचा आवाज आला. मग, "दोन ठिपक्यांना?"

"हो."

"नुसतें मीठपाणी?"

"हो हो. आणि ऐका. तुम्हालाही मी तेच दिलं. चौदा दिवस. चुन्याची गोळी. खरी माझ्या कोकमाच्या डब्यात आहे. तुम्ही त्या मालकाशी भांडू नये म्हणून. मी दिली. मी."

कडी निघाली. हे दारात उभे. मला वाटलं आता ओरडतील, आणि देवाशप्पथ, मला ते हवं होतं. हे हळू आवाजात बोलले.

"मी काय समजलों, तुला ठाऊक आहे? पोटांत औषध असूनही मी सही केली. म्हणजे औषधानेंही भागत नाहीं, असा माणूस आहें मी." मग म्हणाले, "आज गिंडी स्टेशनांत मी पिवळ्या रेघेच्या पलीकडे उभा होतों. गाडी येत होती. किती वेळ उभा होतों तें मला सांगतां येत नाहीं. मग मागें आलों."

मी त्यांच्या पायाशी बसले. काय बोलले ते मलाच माहीत नाही. संध्याकाळीच डॉक्टरांकडे गेलो. मी त्यांना सगळं सांगितलं, स्टेशनचंसुद्धा. डॉक्टर माझ्यावर असे ओरडले की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून बघायला लागली. ओरडायलाच हवं होतं. डोक्यातली वीज, चक्कर, घाम, सगळं अचानक गोळी तोडल्याने झालं होतं, आणि स्टेशनवरचंही त्यातूनच असू शकेल, म्हणाले. गोळी पुन्हा सुरू करून दिली. गुण यायला परत काही आठवडे लागतील, तोवर यांना एकटं सोडायचं नाही.

रात्रभर मी दाराशी चटई टाकून पडले. सकाळी उठून बघते तर हे इस्त्रीचा शर्ट घालून उभे. जेवणाच्या डब्याच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड.

"कुठे?"

"ओरगडम. एक तुकडा मी ठेवून घेतला होता. तडा दिसतो त्यावर. माझी सही चुकीची आहे, तें तिथें सांगून येतों."

"अहो, वेड लागलंय का? आज नको! गोळी लागू होऊ दे. पंधरा दिवस जाऊ देत. आज तुमच्या अंगात काहीच नाही!"

हे चपला घालत होते. म्हणाले, "त्या लहानग्याच्याही नव्हतें."

त्याची नांगी तुटली, हे मी ओरडून सांगणार होते. पण ते यांना माहीत नव्हतं. नांगी पडली ते मी घरी सांगितलंच नव्हतं. जिंकला एवढंच सांगितलं होतं. हे पाठमोरे होते, खांदे माझ्या हाताच्या अंतरावर, आणि मागून धरायचं तर मला जन्माचं येतं. मी हात मागे घेतला, चप्पल पायात सरकवली आणि म्हटलं, चला, मीही येते.

बसमध्ये मी यांच्या शेजारी बसले. पिशवी यांच्या मांडीवर. शेजारून नवे ट्रक जात होते, नंबर नसलेले, आणि प्रत्येक ट्रकला हे मान वळवून बघत, मान वळवली की डोळे मिटत. फाटकाजवळ मला बाकावर बसवून हे आत गेले. दोन तास. मी फाटकाकडे नजर लावून बसले होते. बाहेर आले तेव्हा पिशवी रिकामी होती. तुकडा ठेवून घेतला, लिहून घेतलं, कॉफी दिली, म्हणाले. घरी पोचायच्या आत धाकट्या मालकाचा फोन आला की उद्यापासून येऊ नका.

माल थोडा परत आला, असं नंतर कळलं. थोडा आधीच गाड्यांना लागून गेला होता. त्या गाड्या कुठल्या रस्त्यावर आहेत, कुणाला माहीत. हे अजून रस्ता ओलांडताना ट्रक गेला की थांबतात.

मी कॉलेज सोडलं नाही. दोन ठिपक्यांचा कात टाकून मोठा झाला, नांगी परत फुटली, पण दुसरीपेक्षा बारीक. हे मी यांना सांगितलं, नांगी तुटल्याचंही सांगितलं. त्यांनी ऐकलं. आता यांना बरं आहे, बोलतात, कॉफी घेतात, शेजारच्या गल्लीत एका दुकानात बसतात. मला एका शब्दानेही लागेल असं कधी बोलले नाहीत.

फक्त सकाळी गोळी स्वतः काढतात. पाकीट उजेडाला धरतात, मागचं नाव वाचतात, बोटाने दाबून बघतात. तीस वर्षं जोड तपासले तसंच. पाणी अजून माझ्या हातचंच घेतात. मी पेला पुढे करते, हे तो घेतात, आणि तोंडाला लावण्याआधी क्षणभर खिडकीकडे धरतात.